काकूचे बाराशे पंचाहत्तर ब्लॉक

आमच्या गल्लीत अशी बोलवा आहे की माझी धाकटी काकू भिंत हुंगते.

बांधून झालेली भिंत नव्हे. व्हायची असलेली. सिमेंटच्या दुकानातला माणूस प्रत्येक वाक्याआधी 'काय सांगू तुम्हाला' म्हणतो आणि मग सांगतोच. तो म्हणतो, "काय सांगू तुम्हाला, बाई रिकाम्या जागेवर उभी राहते, एक डोळा मिटते, दोनदा नाक ओढते आणि म्हणते, सातशे चार. आणि काय सांगू तुम्हाला, बरोब्बर सातशे चारच ब्लॉक लागतात!" वाळूच्या ट्रकवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे काकूच्या माहेरी कोणीतरी मोठा इंजिनिअर होता आणि तो जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. समोरच्या माडीवरच्या आजींची कुजबूज तिसऱ्या बिल्डिंगपर्यंत ऐकू जाते. त्या कुजबुजतात, "स्वप्नात येतात गं तिच्या! रांगेनं येतात ब्लॉक, आणि आपापला नंबर सांगून जातात."

सगळं खोटं. मी तिच्यासोबत एका घरात राहते, आमच्या खोल्यांच्या मध्ये एकच भिंत आहे, तेव्हा माझ्याकडून ऐका. काकूचं नाक वर्षातले आठ महिने चोंदलेलं असतं. गॅसवर दूध करपलं तरी तिला कळत नाही, ती भिंत काय हुंगणार? डोळा मिटते हे मात्र खरं, कारण तिच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर ओरखडा आहे. माहेरचा इंजिनिअर म्हणाल तर तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

आणि सातशे चार हा आकडा तिचा नाहीच. तो माझा आहे! पाळणाघराच्या मागची भिंत, दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा काकू आमच्याकडे राहायलाही आली नव्हती. पण लोकांचं काय, एकदा एखाद्याचं नाव झालं की दुसऱ्याचं पीठही त्याच्याच डब्यात ओततात.

बाबा छोटे कंत्राटदार आहेत. कुंपणाच्या भिंती, गोदामं, एखादी वाढीव खोली, अशी कामं घेतात. हाताशी दोन मिस्त्री, चार मदतनीस आणि एक टेम्पो. टेम्पोला पुढे दोनच सीट. एक बाबांची, दुसरी माझी. म्हणजे होती. मी अकरा वर्षांची असल्यापासून माप घ्यायला बाबांबरोबर मी जायचे. टेपचं एक टोक ते धरायचे, दुसरं मी. मग टेम्पोत बसलो की बाबा म्हणायचे, "हं, रेडिओ, किती?"

रेडिओ म्हणजे मी. कुणाचाही आवाज काढते म्हणून.

आणि मी सांगायचे. त्यात काही जादू नाही. एक ब्लॉक सांध्यातला सिमेंटचा माल धरून चाळीस सेंटीमीटर लांब आणि वीस उंच. एका चौरस मीटरमध्ये असे साडेबारा बसतात. तेव्हा लांबी गुणिले उंची, गुणिले साडेबारा, दारं-खिडक्या वजा, आणि तुटफुटीचे पाच टक्के वर. पुढच्या सिग्नलच्या आत माझा आकडा तयार. उरलेल्या रस्त्यात ज्याची भिंत असेल त्याचा आवाज काढून दाखवायचा, हे फुकट. बाबा इतके हसायचे की एकदा त्यांनी गिअरऐवजी माझा गुडघाच ओढला.

काकू चौदा वर्षं शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर होती. काका लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातून आठ दिवस घरी. गेल्या वर्षी कारखाना बंद पडला, त्यांची भाड्याची खोली सुटली आणि ती दोघं आमच्या मागच्या खोलीत आली. काकू येताना तिची मोठी कात्री घेऊन आली, माझ्या कोपरापर्यंत लांब. पहिले दोन महिने तिने आमच्या घरातले सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले. आई म्हणायची, "अगं, राहू दे आता, पडदेच आहेत, पळून नाही जायचे." तिसऱ्यांदा उसवायला घेतले तेव्हा आईने ते लपवून ठेवले.

मला तेव्हा तिची दया यायची. हे मुद्दाम सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी वाईट दिसले तर निदान सुरुवात चांगली होती.

मग माझी परीक्षा आली. त्याच आठवड्यात बाबांना एका गोदामाच्या मधल्या भिंतीचं माप घ्यायचं होतं. भूगोलाचा पेपर होता, मी जाऊ शकत नव्हते, आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंच. बाबा सहज म्हणाले, "तू येतेस का गं?" आणि काकू चपला घालून दारात उभीसुद्धा होती.

संध्याकाळी मी कागद पाहिला. बारा मीटर लांब, तीन उंच, एक दार. मी बसल्या जागी हिशोब केला. "चारशे सत्तेचाळीस."

काकू भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चारशे एकतीस."

"कसे?"

"बसतात तसे."

बाबांनी तिचा आकडा मागवला. गंमत म्हणून, मला वाटलं. भिंत झाली. दोन ब्लॉक उरले.

दोन! माझ्या आकड्यावर बांधायला घेतलं तर नेहमी पंधरा-वीस उरायचे. ते कुणाच्या तरी अंगणात पायरी म्हणून जायचे आणि आम्ही त्याला 'हाताशी असलेले बरे' म्हणायचो. बाबा घरी आले आणि आईला सांगितलं. मग शेजारी. मग फोनवर काकाला. "दोन उरले रे! दोन!" जणू घरात जुळं झालं होतं. मी तिथेच बसले होते. सबंध संध्याकाळ एकदाही त्यांनी विचारलं नाही की भूगोल कसा गेला.

पुढच्या मापाला मी टेम्पोजवळ गेले तर काकू पुढे बसलेली. बाबा म्हणाले, "अगं, तुझी शाळा आहे ना." शनिवार होता. माझी शाळा शनिवारी अकराला सुटते हे त्यांना माझ्या पहिलीपासून माहीत आहे.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काय असतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. नागोबाने मांडीवर माझी टेप ठेवली होती.

आता माझ्याकडे एकच हत्यार होतं, ते मी उपसलं. काकूचा आवाज काढायला अवघड, म्हणून मला फार आवडायचा. ती ओठ उघडतच नाही. चौदा वर्षं ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय. सगळे शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून, चपटे होऊन बाहेर येतात. 'मला भांडी द्या' हे 'म्ला भाँडी द्या' असं. मी दोन दिवस आरशासमोर काढले आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आईसमोर प्रयोग लावला. ओठ आवळले, चष्म्याचा एक डोळा मिटला, हवेत भिंत पाहिली आणि म्हणाले, "भाऊजी, चाऽरशे एकतीस. जास्त मागवले तर मी उसवून परत शिवेन."

आई हसली आणि लगेच तिचा चेहरा बदलला. माझ्या मागे दारात काकू उभी होती.

ती आत आली. माझ्या तोंडाकडे बारकाईने पाहिलं, कापडाची वीण बघावी तसं. "चांगलं आहे," ती म्हणाली. "पण मी टाचण्या डावीकडे धरायचे. तू उजवीकडे धरल्यास."

आणि पाण्याचा तांब्या भरून निघून गेली. रागावली असती तर मी जिंकले असते. तिने चूक दुरुस्त केली. वर ती चूक खरी होती. डावीकडून काढला तर आवाज हुबेहूब जमला.

मग मी ठरवलं, हिचं गुपित शोधायचं. एका रविवारी मी हट्टाने टेम्पोच्या मागच्या बाजूला बसून साइटवर गेले. तिथे ओळंबा मिस्त्री होता. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायचं. हा माणूस तसाच उभा असतो, लांब, सरळ आणि गप्प. बोललाच तर वाक्याच्या शेवटी "बास" म्हणतो, जणू बिलात शब्द लावायचे आहेत.

काकूने त्याच्यासमोर दहा ब्लॉक ठेवायला लावले. "मिस्त्री, यांचे अद्धे करून दाखवा." अद्धा म्हणजे अर्धा ब्लॉक. थर चढवताना सांध्यावर सांधा येऊ नये म्हणून एक थर सोडून एक अद्ध्याने सुरू करावा लागतो.

"कशाला?"

"बघायचंय."

"हात बघायचा असेल तर ज्योतिष्याकडे जा. बास."

"हातच बघायचाय. पण तुमचा."

ओळंब्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आकाशाकडे. मग त्याने छिन्नी लावली आणि एकामागून एक ब्लॉक फोडले. नऊ मधोमध दुभंगले, दोन्ही अर्धे कामाचे. दहावा तिरका गेला. "ब्लॉकच खराब होता. बास." काकूने वहीत 'नऊ' लिहिलं. मग दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याचे सात.

मी म्हणाले, "आमच्या सूत्रात तुटफुटीचे पाच टक्के आधीच धरलेत."

"कुणाच्या हाताचे पाच टक्के?" काकू म्हणाली.

तिने खाली बसून तुकडे उचलले आणि जमिनीवर मांडायला लागली, ओळीने, मुलं पत्ते मांडतात तसे. "कापड कापायला घेतलं की पहिलं काय बघतात?"

"माप."

"माप शिंपी बघतो. कापणारी कात्रण बघते. कात्रण कुठे जाणार ते ठरल्याशिवाय कात्री लावायची नाही. चार बोटांची पट्टी उरली तर खिशाला जाते, कॉलरच्या आत जाते. जी कुठेच जात नाही ते नुकसान. ब्लॉक सगळेच मोजतात गं. मी तुकडे मोजते."

एवढंच. हेच ते गुपित. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. एखादा मंत्र असता, पाठीमागे एखादा इंजिनिअर असता, तर मी म्हटलं असतं, बरं, तिचं नशीब. पण हे तर कुणालाही सुचण्यासारखं होतं. मलाही सुचण्यासारखं होतं. पाच वर्षं मी त्या तुकड्यांवरून चालत होते.

बाबा टेम्पोला टेकून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा असा होता जसा पूर्वी माझ्या नकला ऐकताना असायचा.

महिन्याभराने बर्फाच्या कारखान्याचं काम आलं. मागच्या बाजूने कुंपणाची लांबच लांब भिंत, दोन मीटर उंच, मध्ये सिमेंटचे खांब. तिथला मॅनेजर दिवसभर थंडीत असतो, त्यामुळे त्याला प्रत्येक वाक्य संपवून हात चोळायची घाई असते. "पटकन सांगा, पटकन, किती दिवस, किती ब्लॉक, पटकन!" बाबांनी माप घेतलं आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी कागद मध्ये ठेवला. एकवीस खांब, त्यांच्या मध्ये वीस खण, प्रत्येक खण अडीच मीटरचा.

मी घास खाली ठेवला. "बाबा, यावेळी मी."

"दोघी मिळून करा."

"दोघी नाही. पैज." मी काकूकडे वळले. "मी एक आकडा सांगते, तू एक सांग. भिंत पुरी झाल्यावर जिचा आकडा जवळचा, ती यापुढे मापाला बाबांबरोबर जाणार. पुढच्या सीटवर. हरेल ती परत कधी मागणार नाही."

"भिंती बांधा नाहीतर पाडा," आई म्हणाली, "पण आधी ताटं उचला."

मला वाटलं काकू हसून म्हणेल, 'जा बाई तूच, मला काय करायचंय.' मोठ्या बायका असंच म्हणतात. मी तेवढ्यावरच डाव मांडला होता. पण तिने हात धुतले, पुसले, परत येऊन बसली. आणि पहिल्यांदा तिचे ओठ नीट उघडलेले मी पाहिले.

"कारखान्यातल्या त्या टेबलावर माझ्या हाताखाली अठरा जणी होत्या," ती म्हणाली. "इथे आले आणि दोन महिने मी फक्त चमचे मोजले. मलाही ती सीट हवी आहे. तू लहान आहेस म्हणून मी सोडणार नाही. हरलीस तर मागे बसायचं, आणि कुरकुर करायची नाही. कबूल?"

बाबा म्हणाले, "अरे, माझं कुणी विचारेल का?" कुणी विचारलं नाही.

"कबूल," मी म्हणाले. वीस खण गुणिले अडीच, पन्नास मीटर. उंची दोन. शंभर चौरस मीटर, इतकी गोलमटोल भिंत मला आयुष्यात मिळाली नव्हती. "बाराशे पन्नास. पाच टक्के वर. तेराशे साडेबारा, अर्धा ब्लॉक कोण देतो, म्हणून तेराशे तेरा."

"मी उद्या जागा बघून सांगते," काकू म्हणाली. "येतेस?"

"मला गरज नाही. कागद आहे."

आता हे वाक्य आठवलं की मला स्वतःचाच आवाज काढावासा वाटतो, आणि तो सगळ्यात वाईट जमतो.

दुसऱ्या दिवशी ती जाऊन आली, आणि कॅलेंडरच्या मागे तिने आकडा लिहिला. बाराशे पंचाहत्तर. खाली सही केली, चेकवर करतात तशी. मी वरच्या बाजूला माझा लिहिला, तिच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. ब्लॉकवाला साठ-साठच्या गठ्ठ्यांत माल देतो, म्हणून बाबांनी कुणाचाच अपमान नको म्हणत बावीस गठ्ठे मागवले, तेराशे वीस. उरतील ते परत करायचे.

पुढचे अकरा दिवस मी साइटवर पाऊल टाकलं नाही. आपल्याला काही पडलेलं नाही असं दाखवायचं होतं. पण रोज संध्याकाळी बाबांच्या बुटांवरचा माल बघून काम कुठवर आलं याचा अंदाज काढायचे. काकू रोज सकाळी जायची आणि जेवायच्या वेळी परत यायची. एकदा मी म्हटलं, "जाऊन काय करतेस? ब्लॉकना धाक दाखवतेस?" ती म्हणाली, "दुसऱ्या मिस्त्रीला अद्धे फोडू देत नाही. ते फक्त ओळंब्यानं फोडायचे." मला वाटलं, किती ही कटकट. तो हाताचा हिशोब होता, नऊ आणि सात, हे माझ्या डोक्यात तेव्हाही शिरलं नाही.

बाराव्या दिवशी शाळेतून थेट कारखान्यावर गेले. भिंत उभी होती, वरचा थर अजून ओला. मॅनेजर तिच्यासमोर हात चोळत येरझाऱ्या घालत होता. बाबांना पाहताच त्याने गाठलं. "पटकन सांगा! कागदावर एकवीस खांब होते. मी तीनदा मोजले. एकोणीस आहेत! माझे दोन खांब कुठे गेले, पटकन!"

मी मोजले. एकोणीस. खण मोजले. अठरा.

"खांब नाही गेले, साहेब," बाबा म्हणाले. "लागलेच नाहीत. खड्डे खणायच्या आधी आमच्या वहिनी... म्हणजे माझ्या भावाची बायको, तिनं चुन्याच्या रेघा पुसायला लावल्या. खण अडीचचे होते, ते दोन मीटर ऐंशीचे केले. दोन खांबांची जागा खणांत गेली. भिंत तेवढीच, खांब दोन कमी. ते तुमच्या बिलातूनही कमी."

मॅनेजरचे हात थांबले. "पटकन तसं सांगायचं ना!"

पण माझं डोकं भणभणलं होतं. "ही लबाडी आहे!" मी ओरडले. "पैज वीस खणांवर होती! हिनं भिंतच बदलली!"

ओळंबा मिस्त्रीने थापी खाली ठेवली. तमाशा बघायला माणूस कितीही गप्प असला तरी वेळ काढतो.

"पैज भिंतीवर होती," काकू म्हणाली. "तुझ्या कागदावर नव्हती. मी तुला जागेवर ये म्हटलं होतं."

"पण खांब हलवले नसते तर मीच जिंकले असते!"

"नसतीस." ती खाली बसली, आणि फुटलेले तुकडे उचलून जमिनीवर मांडायला लागली. मला तिचा हा उकिडवा बसायचा प्रकार इतका खुपतो म्हणून सांगू. "अडीच मीटरच्या खणात सहा ब्लॉक बसतात आणि सांधा सोडून नऊ सेंटीमीटर उरतात. हे बघ, एवढे. त्या नऊसाठी सातवा फोडायचा. छिन्नीनं एवढी कपची निघते, बाकीचा चुरा. वरच्या थरात एक अद्धा, पाच अख्खे लावले की दुसऱ्या टोकाला वेगळाच तुकडा लागतो, म्हणजे आणखी एक फोडा. तिथेही सातच. दर थराला सात, दहा थर, सत्तर. असे वीस खण. किती?"

उत्तर सगळ्यांनाच कळलं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मलाच म्हणावं लागलं. "चौदाशे."

"आणि तुझे तेराशे तेरा. तेव्हाही हरली असतीस, फक्त उलट्या बाजूनं. भिंत सत्त्याऐंशी ब्लॉकांनी अपुरी राहिली असती आणि भाऊजी डोक्याला हात लावून बसले असते."

"आणि दोन मीटर ऐंशीच्या खणात?" हे बाबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, पण त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं. पूर्वी ते मला असंच पुन्हा करायला लावायचे.

"अख्खे सात. वरच्या थरात सहा आणि दोन बाजूंना दोन अद्धे, ते दोन्ही एकाच ब्लॉकचे. कात्रण शून्य. सत्तर गुणिले अठरा, बाराशे साठ. त्यात नव्वदांचे अद्धे करायचे, मिस्त्रींच्या हातून दहात एक बिघडतो, म्हणजे नव्वदांसाठी शंभर फोडायचे, दहा जास्त. आणि गाडीतून उतरवताना फुटतील ते पाच."

"चारच फुटले," ओळंबा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, जरा हळू, "बास."

मग मोजणी झाली. मी दुसऱ्या कुणाला मोजू दिलं नाही. उरलेले ब्लॉक मी स्वतः एक-एक हात लावून मोजले, मग उलट्या बाजूने मोजले, मग गठ्ठ्याच्या मागे एखादा लपलाय का तेही पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "पटकन!" आणि मी त्याच्याच आवाजात त्याला म्हटलं, "थांबा, पटकन!" बाकी सगळे हसले. बाबाही. मला क्षणभर बरं वाटलं, पण मी बाबांकडे पाहिलं तेव्हा ते परत काकूच्या मांडलेल्या तुकड्यांकडे बघत होते.

सेहेचाळीस उरले. तेराशे वीसमधून सेहेचाळीस गेले, बाराशे चौऱ्याहत्तर. काकू एका ब्लॉकने चुकली होती. मी एकोणचाळीस ब्लॉकनी.

"एकानं चुकले," काकू स्वतःशीच म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं होतं! ते ऐकून मला तिला तो एक ब्लॉक फेकून मारावासा वाटला.

मी कबूल केलं होतं, कुरकुर करायची नाही. सगळ्यांनी मिळून उरलेले ब्लॉक टेम्पोत चढवले, ब्लॉकवाल्याकडे परत द्यायचे होते. बाबांनी पुढचं दार उघडलं आणि मला बघून जरा घुटमळले. काकू घुटमळली नाही. पदर खोचला, चढली, दार लावून घेतलं, आणि खिडकीची काच खाली करून म्हणाली, "घट्ट धरून बस गं. पुढे खड्डे आहेत."

मी मागे चढले आणि ब्लॉकच्या थरावर बसले. सेहेचाळीस होते. त्यातले सात गठ्ठ्यांच्या हिशोबात आलेले, ते कुणाचेच नाहीत. बाकीचे एकोणचाळीस निव्वळ माझे.